८केच्या नादी लागण्याआधी: गावातल्या घरासाठी टीव्ही ठरवण्याचा बरोबर क्रम

कापसाचा चुकारा हाती आला, सोयाबीन विकलं, की दिवाळीच्या आगेमागे तालुक्याच्या दुकानांत टीव्हीसाठी गर्दी होते. चूक बहुतेकांची एकच असते: टीव्ही आधी ठरतो आणि घर मागून आठवतं. ४के म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा पडदा, आणि ८के म्हणजे ४केच्याही चौपट. दुकानात ८केच्या पडद्यावर मधमाशीच्या पायावरचे केस दिसतात. सेल्समन म्हणतो, "पुढची दहा वर्षं बघायचं काम नाही." घरी आणून त्याच पडद्यावर दूरदर्शनच्या फ्री डिशचं, म्हणजे छत्रीवरचं, चॅनेल लावलं, की माणसांचे चेहरे मेणाचे वाटायला लागतात. टीव्ही खराब नसतो, फक्त त्या घराला तो लागूच पडत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विदर्भातल्या खेड्यातल्या घरासाठी आज ८के घेऊ नका. ४के घ्या, पण खाली दिलेल्या तपासण्या झाल्यावर. शहरातल्या नातेवाइकाकडून येणारा सुरुवातीच्या काळातला ४के तर तपासल्याशिवाय गाडीत टाकूच नका. पहिल्या पाच पायऱ्या घरीच करायच्या आहेत. मोजायचा टेप, मुलांच्या कंपासमधली पट्टी, कागद-पेन, मोबाईल एवढंच लागेल. चौथ्या पायरीला मात्र गावातला इलेक्ट्रिशियन बोलवा.

पायरी १. बसायची जागा मोजा

टीव्ही जिथे राहील ती भिंत आणि तुम्ही खरोखर जिथे बसता ती दिवाण, खुर्ची किंवा सतरंजी, यांतलं अंतर मोजा. खोलीची लांबी मोजून चालत नाही, डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर हवं. बैठकीच्या खोलीत ते बहुधा ८ ते १० फूट भरतं.

हे अंतर का लागतं? साध्या निरोगी नजरेला ठराविक अंतरापलीकडे पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचे पिक्सेल साधारण साडेपाच फुटांपलीकडे दिसेनासे होतात, ५५ इंचीचे ७ फुटांपलीकडे, ६५ इंचीचे साडेआठ फुटांपलीकडे. त्याहून लांब बसलात, तर ४केमधला जास्तीचा बारकावा डोळ्यापर्यंत पोचतच नाही. ४केच्या वर ८केचा फरक दिसायचा तर आणखी निम्म्या अंतरावर यावं लागतं. ५५ इंचीसमोर साडेतीन फूट, ८५ इंचीसमोरसुद्धा साडेपाच फूट. एवढ्या जवळ बसून घरात कोण टीव्ही बघतं?

आकड्यांवर विश्वास बसत नसेल, तर ही चाचणी करा. मिलिमीटरच्या रेघा असलेली पांढरी पट्टी टीव्हीच्या जागी, डोळ्यांच्या उंचीला, सेलोटेपने चिकटवा. दिवा लावा आणि नेहमीच्या जागी जाऊन बसा. मिलिमीटरच्या रेघा एकमेकींपासून सुट्या दिसतात का? ४३ इंची फुल एचडी पडद्याचा एक पिक्सेल जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे एक काळा आणि एक पांढरा पिक्सेल मिळून पट्टीवरच्या दोन रेघांमधल्या अंतराएवढे होतात. रेघा एकमेकींत मिसळून राखाडी पट्टा दिसत असेल, तर त्या जागेवरून ४३ इंचीत फुल एचडी आणि ४के तुम्हाला सारखेच दिसणार.

*तपासा:* घरात जो सर्वात जास्त टीव्ही बघतो, त्यालाच पट्टीसमोर बसवा. आजोबांच्या मोतीबिंदूला ८के दिसत नाही.

पायरी २. काय बघता ते कागदावर उतरवा

हीच पायरी लोक गाळतात आणि पैसे इथेच वाया जातात. चार दिवस टीव्हीवर काय काय लागलं ते लिहून ठेवा. चॅनेल कोणतं, छत्रीवरून की केबलवरून की मोबाईलच्या नेटवरून, तेही लिहा.

आता हिशेब बघा. साध्या एसडी चॅनेलचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत पिक्सेल. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार, ४केवर सुमारे ८३ लाख, ८केवर ३ कोटी ३२ लाख. एसडी चॅनेल ४केवर लावलं की दर २० पिक्सेलांत एकच खरा असतो, बाकीचे १९ टीव्ही अंदाजाने भरतो. ८केवर दर ८० पिक्सेलांत एक खरा. डीडी फ्री डिशवरची बहुतेक चॅनेलं एसडीच आहेत. म्हणून छत्रीवर भागवणाऱ्या घरात जितका मोठा आणि जितका जास्त के, तितकं चित्र फिसकटलेलं दिसण्याची शक्यता जास्त.

झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांची एचडी चॅनेलं आहेत, पण त्यासाठी एचडी बॉक्स आणि एचडी पॅक लागतो. ४केमध्ये प्रसारण करणारं मराठी चॅनेल नाही. ४के चित्र आज येतं ते नेटवरून: यूट्यूब, नेटफ्लिक्स, प्राइम आणि काही क्रिकेट सामने. ८केचं म्हणाल, तर नियमित ८के उपग्रह चॅनेल जपानच्या एनएचकेने १ डिसेंबर २०१८ला सुरू केलं. ते आपल्या छत्रीवर दिसत नाही. नेटफ्लिक्स किंवा प्राइमवर ८के नाही. उरतात यूट्यूबवरचे निसर्गाचे व्हिडिओ, आणि दुकानात दाखवतात तेही तेच.

*तपासा:* यादीत निम्म्याहून जास्त ओळी एसडीच्या असतील, तर टीव्हीच्या आधी बॉक्स बदला. जुन्या टीव्हीवरही फरक लगेच दिसतो, आणि खर्च टीव्हीच्या मानाने किरकोळ.

पायरी ३. नेट रात्री नऊला तपासा

४केसाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटचा स्थिर वेग सांगतं, यूट्यूबसाठी २०च्या आसपास धरा. दुपारी दोन वाजता केलेल्या स्पीड टेस्टला अर्थ नाही. रात्री जेवणं झाल्यावर, सगळं गाव मोबाईल उघडून बसलेलं असताना, टीव्हीच्या जागी फोन ठेवून टेस्ट करा. राउटर ओसरीत आणि टीव्ही आतल्या खोलीत असेल, तर जाड मातीच्या भिंतीतून वायफाय पार अर्धमेलं होऊन पोचतं. तिथे लॅनची वायर ओढणं बरं.

*सावध:* मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ४के चालवायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा. नेटफ्लिक्सच्या ४केला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये जेमतेम सतरा मिनिटं मिळतील. शिवाय नेटफ्लिक्सवर ४के फक्त सर्वात महागड्या प्लॅनमध्ये मिळतं, तोही खर्च आधीच धरा.

पायरी ४. लाइन तपासून घ्या

खेड्यात टीव्ही जुना होऊन मरत नाही, लाइनने मरतो. त्यामुळे या पायरीवर जरा रेंगाळा.

इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन दोन वेळा बोलवा: एकदा शेतातल्या मोटारी सुरू असताना आणि एकदा रात्री उशिरा, लोड उतरल्यावर. पहिल्या वेळी व्होल्टेज किती पडतं ते कळेल, दुसऱ्या वेळी किती चढतं ते. आजच्या बहुतेक टीव्हींच्या मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे कमी व्होल्टेज टीव्ही बऱ्यापैकी सोसतो. जीव जातो तो जास्तीने. म्हणून स्टॅबिलायझर घेताना "किती कमीपासून चालतो" हे विचारण्याआधी "किती व्होल्टच्या वर गेल्यावर बंद पाडतो" ते विचारा. हाय कटऑफ नसलेला स्टॅबिलायझर टीव्हीसाठी घेऊ नका.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रल तुटणं. तेव्हा घरात २३०च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतात. अचानक बल्ब झगझगीत झाले, पंखा भन्नाट फिरायला लागला, तर विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा. मग वायरमनला फोन करा.

यानंतर अर्थिंग. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ ही दोन्ही मापं जवळपास सारखी यायला हवीत. बोर्डावर तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं समजू नका. बऱ्याच घरांत त्या भोकामागे वायरच नसते.

*सावध:* स्टॅबिलायझर आकाशातली वीज अडवत नाही. ढग गडगडायला लागले की प्लग काढा, छत्रीची केबल बॉक्समधून काढा आणि लॅनची वायरही काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण वीज केबलवाटेही आत येते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास वीज पडण्याची सूचना देतं. शेतात जाणाऱ्यांच्या फोनमध्ये ते असायलाच हवं, टीव्हीलाही त्याचा फायदा होतो.

इन्व्हर्टरवर टीव्ही चालवणार असाल तर वॅट बघा. ८के पडद्यात पिक्सेल इतके बारीक असतात की मागचा उजेड जास्त अडतो. तेवढीच चमक आणायला वीज जास्त लागते. युरोपियन युनियनने १ मार्च २०२३पासून विजेच्या वापराची मर्यादा ८केलाही लावली, तेव्हा कंपन्यांना तिथे टीव्ही मंद प्रकाशाच्या सेटिंगवर विकावे लागले. आपल्याकडे बॅटरीवर चालवताना ही भूक तुमच्याच खिशातून भागते.

पायरी ५. भिंत, टिना आणि कूलर

बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापराच्या तापमानाची वरची मर्यादा ४० अंश दिलेली असते. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्ध्याकडे बाहेरच ४५ अंश होतात, आणि टिनांखालची खोली त्याहून तापते. टीव्ही टिनांच्या लगत उंचावर लावू नका, मागे चार बोटं तरी मोकळी जागा ठेवा, दुपारी वापर नसेल तर प्लग काढून ठेवा.

कूलरची चूक तर घरोघर दिसते. खिडकीतला कूलर आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही, म्हणजे ओली हवा थेट पडद्यावर आणि मागच्या जाळीतून आत. कूलरच्या झोताच्या बाजूला, कोनात टीव्ही ठेवा. जाळीतून पाली आणि मुंग्याही आत जातात. उबदार जागा त्यांना आवडते आणि बोर्ड शॉर्ट होतो.

मातीच्या किंवा भेगाळलेल्या भिंतीत वॉलमाउंटचे स्क्रू धरत नाहीत. काळ्या मातीवरच्या घरांच्या पक्क्या भिंतींनाही उन्हाळ्यात भेगा पडतात. शंका असेल तर टेबलावर ठेवा. टेबलाची रुंदी मात्र टीव्हीच्या पायांतल्या अंतराशी ताडून बघा. आजकाल पाय दोन टोकांना असतात.

पायरी ६. आता ठरवा

हातातला कागद बघा.

अंतर ८-१० फूट, बघणं छत्रीवरचं, नेट मोबाईलचं: ३२ किंवा ४३ इंची चांगला टीव्ही घ्या आणि एचडी बॉक्स जोडा. ४३मध्ये आता बहुतेक मॉडेलं ४केच येतात. आलं तर येऊ द्या, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

तेवढंच अंतर, पण फायबरचं नेट, रात्री २० मेगाबिटच्या वर वेग, घरात क्रिकेट आणि सिनेमे: ५५ इंची ४के. याहून पैसे शिल्लक असतील, तर ते के वाढवण्यात घालू नका. जास्त चमक, चांगला कॉन्ट्रास्ट, बरा आवाज यांत घाला. दारं-खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत दिवसा चमकच कामाला येते.

८के कोणी घ्यावा? ८५ इंचीच्या वरचा पडदा, साडेपाच फुटांच्या आत बसणं आणि ८के व्हिडिओ स्वतः काढणं, हे तिन्ही ज्याच्याकडे आहे त्याने. लग्नाचं शूटिंग करणारा एखादा असेल, तर त्यालाही मॉनिटर जास्त उपयोगी पडेल.

पायरी ७. सुरुवातीचा ४के आयता मिळत असेल तर

पुण्या-नागपूरचे नातेवाईक टीव्ही बदलतात आणि जुना गावाकडे पाठवतात. फुकटचा असला तरी आधी तपासा, कारण २०१२ ते २०१४च्या दरम्यानचे ४के टीव्ही नियम ठरण्याच्या आत बाजारात आले होते. बॉक्स आणि टीव्ही जोडणाऱ्या एचडीएमआयचा २.० हा प्रकार सप्टेंबर २०१३मध्ये आला. त्याआधीच्या १.४ पोर्टमधून ४के फक्त सेकंदाला ३० चित्रांपर्यंत जातं, क्रिकेटमध्ये चेंडू अडखळतो. कॉपी रोखणारं एचडीसीपी २.२ त्या संचांत बहुधा नाही, त्यामुळे ४केची स्टिक (नेटवरचे व्हिडिओ दाखवणारी, मागे खोचायची छोटी कांडी) लावली तरी चित्र फुल एचडीवर उतरतं. नेटफ्लिक्सच्या ४केला एचईव्हीसी आणि यूट्यूबच्या ४केला व्हीपी९ (या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती) उलगडणारी चिप लागते. तीही अनेकांत नव्हती. पडदा ४केचा, पण त्याला ४के खायला घालायचं दारच बंद!

तपासायची रीत सोपी आहे. टीव्ही मागून बघा: एचडीएमआय पोर्टांशेजारी बारीक अक्षरांत २.० किंवा एचडीसीपी २.२ लिहिलेलं आहे का? मग यूट्यूब उघडून ४के व्हिडिओ लावा, गिअरच्या खुणेत जाऊन 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू करा. ३८४० गुणिले २१६० आणि त्यापुढे व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसलं तर टीव्ही ४के खरंच चालवतोय. १९२० दिसलं आणि क्वालिटीच्या यादीतही वरचा पर्याय नसेल, तर तो फुल एचडी समजूनच आणा. यूट्यूबचं ॲपच उघडत नसेल, तर त्याची किंमत स्टिकच्या खर्चासह धरा.

आज ८के घेणारा याच जागी उभा आहे. ८के व्हिडिओ, पोर्ट, बॉक्स यांचं सगळं नीट बसेपर्यंत त्याचा संच जुना झालेला असेल.

पायरी ८. दुकानात

पेनड्राइव्हवर स्वतःच्या फोनने काढलेला ४के व्हिडिओ न्या, पोळ्याच्या बैलांचा चालेल. दुकानदाराला तीन गोष्टी करायला लावा: डेमो मोड बंद, तुमचा व्हिडिओ चालू आणि नंतर एखादं एसडी चॅनेल. मग घरी मोजलेलं अंतर पावलांनी मोजून मागे सरका आणि तिथून बघा. दीड फुटावरून टीव्ही निवडणं ही दुकानातली सर्वात मोठी चूक.

खोक्यावर 'रिझोल्यूशन ३८४० x २१६०' अशी ओळ हवी. '४के सपोर्ट' किंवा '४के रेडी' लिहिलेल्या काही स्वस्त संचांत पडदा १३६६ x ७६८चा निघतो. ते ४के व्हिडिओ घेतात आणि बारीक करून दाखवतात. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून बघा. ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८ झाला आहे, बिलात तो तसाच लागलाय का तेही पाहा.

*सावध:* पैसे देण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून तुमच्या गावाच्या पिनकोडवर घरी येऊन सर्व्हिस मिळते का, ते विचारा. "हो साहेब, सगळीकडे येतात" हे दुकानदाराचं उत्तर धरू नका. टीव्ही पाठीवर घालून जिल्ह्याला न्यावा लागला, तर वॉरंटी असून नसल्यासारखी.

पायरी ९. घरी आणणं

मोठा पडदा नेहमी उभा न्यायचा, आडवा टाकायचा नाही. पिकअपमध्ये दोन गाद्यांच्या मध्ये उभा, आणि एक माणूस धरायला. मोटरसायकलवर ५५ इंची आणणारे दिसतात. खड्डा एकच पुरतो. फुटलेला पडदा वॉरंटीत येत नाही.

ऑनलाइन मागवला असेल तर डिलिव्हरीवाल्यासमोर खोकं उघडा, सुरुवातीपासून व्हिडिओ काढा, पडदा बघा आणि मगच ओटीपी द्या. ओटीपी दिला म्हणजे माल नीट मिळाल्याची कबुली दिली. पुढे कोणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पायरी १०. लावल्यावर लगेच

पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'वर आणा. शार्पनेस कमी करा, एसडी चॅनेलचे मेणाचे चेहरे त्याने बरेच सुधारतात. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८०वर करा. कित्येक घरांत एचडी पॅकचे पैसे भरून बॉक्स ५७६वर चाललेला असतो. ४केची स्टिक किंवा बॉक्स जोडला असेल, तर टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय पोर्टचं 'एन्हान्स्ड', 'डीप कलर' किंवा 'इनपुट सिग्नल प्लस' चालू करा. नाव कंपनीप्रमाणे बदलतं आणि बऱ्याच संचांत ते बंदच येतं.

बिल, वॉरंटी कार्ड आणि टीव्हीच्या मागचा सिरीयल नंबर यांचा फोटो त्याच दिवशी काढून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. थर्मल कागदावरचं बिल एका उन्हाळ्यात कोरं होतं.